काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे

आमच्या लॅबमध्ये एक मशीन आहे. त्याचं काम एकच, समोरच्याला गदागदा हलवायचं आणि विचारायचं, तुटतोस का? त्याला शेकर म्हणतात. विमानात किंवा उपग्रहात बसणारा एखादा भाग, समजा एखादं ब्रॅकेट, आधी आमच्याकडे वाघोलीच्या पुढे येतं, त्या मशीनच्या डोक्यावर बोल्टने आवळलं जातं आणि थरथरायला लागतं. सुरुवातीला हळू, मग भराभर, मग इतकं भराभर की डोळ्यांना ते स्थिरच दिसतं आणि फक्त आवाज चढत राहतो. खाली गाय हंबरल्यासारखा सुरू होतो आणि वर डास गुणगुणल्यासारखा संपतो. आकाशात जे व्हायचं ते जमिनीवरच होऊन जाऊ दे, एवढाच हेतू.

मी तिथे लागले तेव्हा आईने गल्लीत सांगून टाकलं की पोरगी विमानं बनवते. थोड्या दिवसांत त्याचं ‘विमान चालवते’ झालं. मी दुरुस्त केलं नाही. आमच्या तालुक्याच्या गावात मला तसंही मार्कांपेक्षा आवाजांसाठी ओळखायचे. हेडसरांचा खोकला, एसटीचा रिव्हर्स, भूगोलाच्या बाईंचं नाकातलं ‘कळलं का’, सगळं मी काढायचे. एकदा मधल्या सुट्टीची घंटा तोंडाने वाजवली तर अर्धा वर्ग डबे घेऊन बाहेर. पुण्यात आल्यावर मात्र बरेच दिवस गप्प होते. तोंड उघडलं की ‘आहे’च्या जागी ‘हाय’ निघायचं आणि समोरचा ओठ न हलवता हसायचा. ते हसणंही मी पाठ करून ठेवलं, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून.

सरांची आणि माझी खरी ओळख कॅन्टीनमध्ये झाली. जेवणानंतर पोरं मागे लागली होती, काहीतरी कर, काहीतरी कर. मी शेकर केला. खालच्या हंबरण्यापासून वरच्या डासापर्यंत, एका श्वासात. टेबलं वाजवून हसत होती सगळी आणि मधेच एकदम गप्प झाली. मागे सर उभे होते, हातात ताट. सर म्हणजे लॅबचे हेड. रिटायरमेंट तोंडावर आलेली. आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्या शहरात विमानाच्या इंजिनांच्या टेस्टिंगवर काढलेला माणूस. मला वाटलं, गेली नोकरी. सरांनी ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, पुन्हा कर.

मी पुन्हा केला. आवाज निम्मा झाला होता. सर डोळे मिटून ऐकत होते.

“वर गेल्यावर घाई करतेस,” ते म्हणाले. “मशीन घाई करत नाही.” आणि लोणचं घ्यायला निघून गेले.

कौतुक होतं ते. मला नंतर आमच्या ऑपरेटर दादाने सांगितलं. दादा इथलाच, लॅबच्या मागची जमीन कधीकाळी त्यांच्या घरची होती. तो म्हणाला, “सर कुणाला दोन वाक्यं बोलत्यात का? तुला तीन मिळाली. बस.”

सरांची एक खोड होती. लॅबच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली होती, ‘कान दोनच मिळतात. झाकावेत.’ मशीन चालू असताना जाड इअरमफ घातल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही, नाहीतर सर बाहेर उभं करायचे, शाळेसारखं. आणि स्वतः मात्र आवाज चढायला लागला की मफ काढून हातात धरायचे. कान वाकडा करून ऐकायचे. ग्राफ नंतर सांगतो ते कान आधी सांगतो, म्हणायचे. ब्रॅकेटमध्ये कुठे काही सैल असलं तर चढत्या आवाजात एका जागी बारीक चिरका आवाज निघतो. सर तो ऐकायचे आणि बोट दाखवायचे. बोल्ट उघडून बघितलं तर तिथेच सैल. इंजिनांच्या शेजारीही त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. दुसऱ्या कुठल्या इंजिनिअरने हे केलं नसतं. पण सर गाणारे होते. गाणारा माणूस कान झाकून उभा राहूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

होय, गाणारे. लहानपणापासून एका गुरुजींकडे शिकलेले. नोकरी विमानाची आणि जीव गाण्यात. एकदा गाडीतून येताना त्यांनी मला गुरुजींचं सांगितलं. गुरुजी तोंडावर कौतुक करायचे नाहीत. आयुष्यात एकदाच म्हणाले होते, तान शिकवता येते, आलाप शिकवता येतो, षड्ज शिकवता येत नाही, तो तुझ्याकडे आहे, सांभाळ. षड्ज म्हणजे सा. गाणं जिथून निघतं आणि जिथे परत येतं तो सूर. सर म्हणाले, बाकी माझं गाणं बेताचंच आहे, मला ठाऊक आहे, पण सा माझा खरा आहे. हे त्यांनी असं सांगितलं जसं माझे वडील सांगतात की घर लहान आहे पण स्वतःचं आहे.

मला त्यांनी रविवारच्या बैठकीला बोलावलं. त्यांचा फ्लॅट कात्रजच्या बाजूला. रविवारी सकाळी तिथे सर गायचे, तबल्याला एक शाळामास्तर असायचे आणि पेटीला एक काका, बँकेतून रिटायर झालेले. काकू पोहे करायच्या. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पोह्यातलं कळत होतं. पण ऐकताना माझ्या घशात आपोआप सगळं बसत जायचं. काकांचा घसा खाकरणं, मास्तरांचं ‘अहाहा’, पेटीचा भाता. सोमवारी कॅन्टीनमध्ये मी अख्खी बैठक एकटीने करायचे. फक्त सरांचा आवाज काढायचे नाही. पोरं फार मागे लागायची. का नाही काढला, मलाही नीट सांगता येणार नाही. तो माणूस पाठीमागे ताट घेऊन उभा असेल असं सारखं वाटायचं.

पेटीचं एक असतं, जेवढ्या पट्ट्या तेवढेच सूर. ‘काळी एक’ नावाची एक पट्टी आहे, तिच्या शेजारी ‘पांढरी दोन’. मधे काही नाही. तानपुऱ्याची तार पिळून कुठेही नेता येते, तबला हातोडीने ठोकून चढवता येतो, पेटीला ते जमत नाही. गाणारा आपला सा एका पट्टीवर ठेवतो आणि आयुष्यभर तिथे राहतो. सरांची पट्टी काळी एक.

एका रविवारी काकांनी पेटीवर बोटं ठेवली आणि उचलली. म्हणाले, आज काळी एकने घर बदललेलं दिसतंय. सरांचा तानपुरा चढा लागला होता. थोडासाच, पण पेटीबरोबर घासत होता. सर म्हणाले, पेटी उतरली असेल. पुढच्या रविवारी काकांनी विचारलं, पांढरी दोनला पोचायचं आहे का आपल्याला, की प्रवास अजून चालू आहे? सर म्हणाले, बुधवारात जाऊन सूर तपासून आणा. काका खरंच बुधवार पेठेत गेले, पण पेटी घेऊन नाही. येताना तिथून इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन आले, मिठाईच्या बॉक्सएवढा. तो काळी एकवर लावला आणि सरांच्या तानपुऱ्याशेजारी ठेवला. दोन्ही एकदम वाजायला लागले तसे मास्तर भिंतीकडे बघायला लागले. दात दुखतो ना, तसं काहीतरी त्या खोलीत व्हायला लागलं.

सरांनी हात लांब करून तो बंद केला. म्हणाले, मशीन आहे ते.

“अहो,” काका म्हणाले, “आपण जन्मभर मशीनच्या शब्दावर विमानं उडवलीत. एवढ्याशा मशीनने काय वाकडं केलं?”

सर आपल्या तानपुऱ्याची तार छेडत राहिले. काकांनी भाता बंद केला, पेटीवर कापड घातलं, कोपरे सारखे केले आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. मी सोमवारी कॅन्टीनमध्ये काकांचं ‘काय वाकडं केलं’ केलं, सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या दोन तानपुऱ्यांच्या मधे जे घासत होतं ते माझ्या घशात बसलं होतं आणि बाहेर येत नव्हतं.

त्याच सुमारास काकूंनी मला स्वयंपाकघरात धरलं. म्हणाल्या, अगं, तुझ्याशी बोलतात का काही? थंडीत पंखा लावतात. बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहतात. आंघोळ नाही, काही नाही, नुसता नळ. विचारलं तर म्हणतात, पाणी तापतंय का बघतोय. थंडच पाणी असतं ते. काकू हे सांगताना कोथिंबीर निवडत होत्या आणि चांगलीच पानं टाकून देत होत्या. मी म्हटलं, काकू, सर रिटायरमेंटनंतर वॉटर सप्लायमध्ये लागणार असतील. त्या हसल्या. मी असलं काहीतरी बोलून सुटते नेहमी.

आणि मग निरोप आला. गुरुजींच्या पुण्यतिथीची बैठक होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. सगळे गुरुबंधू जमतात. सर नोकरीमुळे तिथे कित्येक वर्षांत गायले नव्हते. या वर्षी त्यांना सकाळी पहिलं गायला बोलावलं होतं. पेटीला तिथे दरवर्षी आपले रविवारचे काकाच असतात, यंदाही तेच असणार होते. सर मला हे सांगताना लहान पोरासारखे दिसत होते. खूश पण, आणि घाबरलेले पण.

त्यानंतर काही दिवसांनी लॅबमध्ये एक ब्रॅकेट लागलं होतं. आवाज चढत गेला. सरांनी नेहमीसारखे मफ काढले, कान वाकडा केला. वर एका जागी चिरका निघाला. साधासुधा नाही. मफमधून माझ्या दाढेपर्यंत आला. दादाने मान झटकली. आणि सर तसेच उभे, कान वाकडा, चेहरा कोरा. ते अजून वाट बघत होते.

मशीन थांबलं. दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. सर म्हणाले, छान आहे, स्वच्छ. मग त्यांना आमचे चेहरे दिसले. स्क्रीनवर ग्राफ आला होता आणि त्यात त्या जागी काटा उभा होता.

सरांनी दादाला चहा घेऊन यायला सांगितलं. दादा चहा कधीच आणत नाही, पण गेला. मग सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “काय होतं? कर बघू.”

मी चिरका केला, जसा होता तसा. सरांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. माझं तोंड हलताना त्यांना दिसत होतं, एवढंच.

“खाली आणून म्हण,” ते म्हणाले.

मी तोच आवाज खाली आणला, बायका अंगाई म्हणतात त्या पट्टीत. त्याबरोबर त्यांचे डोळे बदलले. म्हणाले, डावीकडचा आतला इन्सर्ट सैल आहे, बोल्ट ज्यात बसतो तो. उघडलं तर तोच होता. भाग परत गेला, कुणाचं काही बिघडलं नाही. पण सर त्या उघड्या बोल्टकडे असे बघत होते जसं तिथून कुणीतरी त्यांच्याकडे बघतंय.

दुपारी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. खाली नगर रोड, ट्रक, हॉर्न. समोर नव्या बिल्डिंगी. सर टाकीला टेकून उभे होते. म्हणाले, मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. डॉक्टरकडे जाऊन आलोय, एकटाच. आणि जे ऐकू येत नाही त्याच्या जागी एक शिट्टी आहे.

मी विचारलं, कधी येते?

ते म्हणाले, जाते कधी ते विचार.

डॉक्टरांनी सवय करा म्हणून सांगितलं होतं. सरांनी करायचा प्रयत्न केला. पंख्याच्या आवाजात ती थोडी बुडायची, नळाखाली बुडायची. आणि एका रविवारी तानपुरा लावताना त्यांच्या हातून तार जरा जास्त पिळली गेली आणि शिट्टी थांबली. पूर्ण. तानपुऱ्याच्या आवाजात वर जे बारीक बारीक सूर झणझणतात त्यांनी तिला गिळून टाकलं. किती तरी महिन्यांनी त्यांच्या डोक्यात शांत झालं. “मी रडलो असतो,” सर म्हणाले, “पण मास्तर समोर बसले होते.” त्यानंतर दर रविवारी त्यांचा हात तिथपर्यंतच पिळायचा. चूक आहे हे त्यांना कळत होतं. काकांची पेटी बरोबर आहे हेही कळत होतं. फक्त त्या जागेवर पोचलं की कळणं बंद व्हायचं.

मी म्हटलं, सर, शिट्टी कशी आहे? कुकरसारखी की पोलिसासारखी?

ते चक्क हसले. मग म्हणाले, धर. आणि त्यांनी शिट्टीचा सूर खाली आणून गायला सुरुवात केली. मी धरला. त्यांनी बोटाने खूण केली, किंचित वर. मी वर गेले. अजून किंचित. नाकातून, तानपुऱ्यासारखा झणझणता. मी तसा काढला. आणि सरांचा हात हवेत तसाच थांबला.

त्यांच्या कपाळावर दोन आठ्या होत्या, मी लागले तेव्हापासून बघत होते, मला वाटायचं त्या जन्मापासूनच असतील. त्या गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर गेल्या. खांदे खाली आले. सर समोर बघत होते, ट्रककडे, आणि असे बघत होते जसं पहिल्यांदाच नगर रोड बघतायत. मी श्वास चोरून चोरून जितका ताणता येईल तितका सूर ताणला. मग तो तुटला. आणि मी ती शिट्टी परत येताना बघितली. कुणी दार ढकलून आत यावं तशी ती त्यांच्या चेहऱ्यावर आली. आधी डोळे, मग आठ्या, मग खांदे.

सर म्हणाले, “कुणाला सांगायचं नाही.”

मी खाली येऊन फोनवरच्या सूर मोजणाऱ्या ट्यूनरमध्ये तो सूर गायला. काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे. काटा जिथे थांबला तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

तो सूर माझ्या घशात एकदा बसला तो बसलाच. वाघोलीच्या रूमवर लाइट जाते, पंखा थांबतो, आणि त्यानंतरच्या शांततेत मला तो ऐकू येतो. कंपनीच्या तपासणीत माझे कान उत्तम निघाले. मशीनने लिहून दिलंय. मला माहीत नाही मी ऐकते का आठवते. आठवत असेन तर इतकं स्पष्ट कसं, आणि ऐकत असेन तर कुठून. पूर्वी मी आवाज काढायचे आणि सोडून द्यायचे. हा पहिलाच, ज्याने मला धरलं.

बैठकीला काही आठवडे होते. सर म्हणाले, मी काळी एकवरच गाणार. मी म्हटलं, शिट्टी? ते म्हणाले, ती घासत राहील. राहू दे. गुरुजींच्या समोर मी माझ्या कानाने गाऊ का त्यांच्या? गुरुजी जाऊन किती तरी वर्षं झाली होती. सर ते बसलेलेच आहेत असं बोलायचे.

तानपुरा लॅबवर आला. दादाने कापड उचलून बघितलं आणि विचारलं, “ह्ये कुठल्या विमानात बसायचं हाय?” कामानंतर कंट्रोल रूममध्ये आम्ही बसायचो. तार लावायची मी. ट्यूनर बघून नाही, सरांनी तो बंद करायला लावला. मी तोंडाने काळी एक काढायची आणि तिच्यावर तार आणायची. मग सर गायचे. सुरुवातीला भयंकर झालं. सा लावायचे, तो जागेवर लागायचा, आणि मग मांजर सरकतं तसा हळूहळू वर सरकायचा, त्या शिट्टीकडे. ती त्यांना ओढत होती. मी हात खाली करायचे, ते खाली यायचे, परत सरकायचे. एकदा ते म्हणाले, बघ, आपल्याच घरात राहतो आणि पत्ता दुसऱ्याला विचारतोय.

मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. शेकर चालू असताना सर तळहात लावून बघायचे, कंप हाताला कसा येतोय ते. तसाच त्यांनी तळहात तानपुऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला. सूर जरा जरी हलला तरी भोपळा हाताखाली धडधडायचा, छाती धडधडते तसा. सूर जागेवर आला की धडधड थांबून एकसंध थरथर यायची. कानाने शिट्टी ऐकायची आणि हाताने सा. मी विचारलं, आता ऐकू कसा येतो? म्हणाले, येत नाही, लागतो एवढं कळतं.

बैठकीच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सतरंज्या, गुरुजींचा फोटो, अगरबत्ती. काकू पहिल्या रांगेत. मी सरांच्या मागे दुसरा तानपुरा घेऊन. मला चार तारा छेडायला येत होत्या, बस, जास्त नाही. काका आले, पेटी ठेवली, कापड काढून घडी घातलं. सरांकडे न बघता विचारलं, “पट्टी?”

“काळी एक,” सर म्हणाले.

“कुणाची? आपली की सगळ्यांची?”

“सगळ्यांची,” सर म्हणाले.

काकांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी टोचून बोलणार होते, ते त्यांनी गिळलं.

सरांनी डावा हात भोपळ्यावर ठेवला आणि सा लावला. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत होते. मानेच्या शिरा ताणलेल्या. सा लागला आणि राहिला. पेटीने तो उचलला, दोघांच्या मधून कागद गेला नसता. हॉलमध्ये मागून कुणीतरी म्हातारं माणूस शेजाऱ्याला म्हणालं, षड्ज तोच आहे हो. सगळ्यांना ऐकू गेलं. काका पेटीवर वाकले होते, त्यांनी डोळे मिटले.

सर पुढे तोडी राग गायले. लोक माना डोलवत होते. मी मात्र ते गाणं नीट ऐकूच शकले नाही. कारण प्रत्येक वेळी सर ‘सा’कडे परत यायचे आणि मला त्याच्या शेजारी तो गच्चीवरचा दुसरा सूर ऐकू यायचा. हॉलमध्ये नसलेला. लोक ‘वा’ म्हणायचे आणि मला वाटायचं, तुम्हाला हा कसा ऐकू येत नाहीये, किती मोठ्याने चाललाय.

गाणं संपल्यावर सर नमस्कार घेत घेत बाहेर आले. मी दोन तानपुरे सांभाळत मागे. शाळेच्या पायऱ्यांवर काका गाठ पडले. म्हणाले, “आज पेटीला काम होतं. रविवारी येतो. पोहे असतील तर.” आणि चपला शोधायला गेले. काकू आत बायकांमध्ये अडकल्या होत्या, सगळ्या त्यांना तोच षड्ज सांगत होत्या.

सर पायरीवर बसले. मीही बसले.

“होतो का? काळी एकवर?”

मी म्हटलं, होतात सर. पूर्ण वेळ. एकदासुद्धा सरकला नाहीत.

“शपथ?”

मी म्हटलं, आईची.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “मला तो सा नाही भेटला. सगळ्यांना भेटला आणि मला नाही. कसा लागला, कर बघू.”

मी आजूबाजूला बघितलं. लोक ये-जा करत होते. सरांचा आवाज मी कधी काढला नव्हता. पण तो तिथेच होता, तयार, इतके दिवस बसून. मी त्यांचा सा लावला. त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखा किंचित खरखरीत सुरू होऊन मग गोल होणारा. खालच्या पायरीवर चप्पल घालणारा एक माणूस वळून सरांच्या तोंडाकडे बघायला लागला.

सरांनी कानामागे हात धरला होता. डोळे मिटून ऐकत होते. आणि मग त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं माझ्या सुरात सूर मिसळतील. त्यांनी दुसरा लावला. तो गच्चीवरचा, पट्ट्यांच्या मधला, माझ्या शेजारी किंचित चढा, बारीक, न हलणारा.

दोन सूर एकमेकांवर घासायला लागले. हवेत काहीतरी फडफडायला लागलं, खोलीत पाखरू शिरून भिंतींवर आपटतं तसं, एका लयीत, न थांबता. माझ्या दाढा शिवशिवल्या. हातावर काटा आला. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघत होते आणि गात होते आणि हात हलवून सांगत होते, हे, हे बघ, हे असं. अख्ख्या तोडीभर त्यांनी हे ऐकलं होतं. आणि याच्या आत बसून ते आमच्या काळी एकवर राहिले होते.

मला थांबायचं होतं. पण मी थांबले असते तर ते त्या दुसऱ्याबरोबर एकटे पडले असते, म्हणून मी सोडलं नाही. त्यांनीही सोडलं नाही. मांडीवरचा त्यांचा तळहात भोपळा नसतानाही काहीतरी चाचपत होता. मी ताणत राहिले, ताणत राहिले, शेवटी डोळ्यांपुढे अंधारी आली.

माझा श्वास आधी संपला. त्यांचा सूर चालूच होता.